राजाची टर उडवणारी चित्रं: लंडनचं तांबं आणि पॅरिसचा दगड

उपयोजित कलेच्या शेवटच्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: नेपोलियनवरची इंग्रजी व्यंगचित्रं, विशेषतः जेम्स गिलरेची, म्हणजे सत्ताधीशाची निर्भयपणे खिल्ली उडवण्याचा सर्वांत मोठा नमुना मानावा का? ती छापली कशी जात? नेपोलियन बुटका होता हा समज त्यांनीच पसरवला का? आणि प्रकल्पासाठी नेमकी कोणती चित्रं घ्यावीत?

मी एचिंग (तांब्याच्या पत्र्यावर ॲसिडने चित्र चावून छापणं) आणि लिथोग्राफी (दगडावरून छापणं) करते, शिकवते, आणि या काळातली छापील चित्रं भिंगाखाली धरून पाहण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. माझं मत आधीच सांगते. गिलरेच्या तोडीचा रेषेचा माणूस या क्षेत्रात दुसरा दाखवणं कठीण आहे. पण त्याच्या नेपोलियन-चित्रांना ‘निर्भय’ म्हणू नका. ज्याचे शिपाई आपल्या दारापर्यंत पोहोचूच शकत नाहीत अशा सम्राटाची टर उडवणं वेगळं, आणि ज्याच्या कोर्टात उद्या उभं राहावं लागणार आहे त्या स्वतःच्या राजाची टर उडवणं वेगळं. हे दुसरं काम पाहायचं असेल तर लंडन सोडून १८३१ च्या पॅरिसला जावं लागतं. प्रकल्पात दोन्ही शहरं शेजारी-शेजारी ठेवा, असं मी सुचवेन.

उंचीचा प्रश्न लवकर मिटतो. नेपोलियनची उंची जुन्या फ्रेंच मापात पाच फूट दोन इंच नोंदवली गेली. फ्रेंच इंच इंग्रजी इंचापेक्षा मोठा होता, म्हणून ती आजच्या हिशेबाने सुमारे १६८ सेंटिमीटर भरते. त्या काळच्या फ्रेंच पुरुषांत ही उंची कमी नव्हती. इंग्रजांनी आकडा आपल्या मापाने वाचला, शिवाय नेपोलियन सतत धिप्पाड गार्ड सैनिकांच्या घोळक्यात दिसे. तरीही, आपल्या डोळ्यांपुढे जो बुटका, पाय आपटणारा, डोक्यापेक्षा मोठी टोपी घातलेला नेपोलियन येतो तो मुख्यतः गिलरेने घडवला, हे खरं आहे. आणि तो त्याला पहिल्या दिवसापासून सुचलेला नव्हता. १७९९ मध्ये नेपोलियनने सत्ता हातात घेतली तेव्हाच्या गिलरेच्या चित्रात तो चांगला उंच, सडसडीत, जरबेचा सेनापती आहे. अशा माणसाची भीती वाटते, हसू येत नाही. १८०३ मध्ये आमियाँचा तह, म्हणजे इंग्लंड आणि फ्रान्समधला शांततेचा करार, मोडायला आला, फ्रेंच सैन्य इंग्लिश खाडी ओलांडून उतरणार अशी धास्ती इंग्लंडभर पसरली, आणि त्याच वर्षी गिलरेच्या तांब्याच्या प्लेटवर नेपोलियन एकाएकी लहान झाला.

२४ मे १८०३ ची तारीख असलेलं एक चित्र आहे, ‘लिटल बोनी’ला (म्हणजे चिमुकल्या बोनापार्टला) आलेला झटका दाखवणारं. पॅरिसच्या ट्विलरी राजवाड्यात नेपोलियन ब्रिटिश राजदूत लॉर्ड व्हिटवर्थवर सर्वांसमक्ष भडकला होता, त्या प्रसंगावर ते बेतलं आहे. टेबल उलटलंय, पृथ्वीचा गोल लवंडलाय, कागद उधळलेत आणि मधोमध हा इवलासा माणूस हातपाय झाडत किंचाळतोय. त्याच्या तोंडातून शब्दांचे लोटच्या लोट बाहेर पडताहेत, आणि त्यात इंग्रजी वर्तमानपत्रांच्या नावाने केलेला आक्रोश ठळक आहे. पुढच्याच महिन्यात गलिव्हरच्या गोष्टीवर आधारलेलं चित्र आलं. त्यात राक्षसांच्या देशाचा राजा म्हणून इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज उभा आहे आणि तळहातावरच्या कीटकाएवढ्या नेपोलियनला दुर्बीण लावून न्याहाळतो आहे. ही मूळ कल्पना एका हौशी लष्करी अधिकाऱ्याची होती, गिलरेने ती प्लेटवर उतरवली.

इथे चित्रकार म्हणून एक गोष्ट लक्षात घ्या. गिलरेने नेपोलियनचा चेहरा फारसा बिघडवलेला नाही. तीक्ष्ण नाक, पुढे आलेली हनुवटी, खोल गेलेले डोळे हे सगळं ओळखू येईल इतपत शाबूत ठेवलंय. त्याने बदललं ते प्रमाण. बूट मांडीपर्यंत, तलवार जमिनीवर घासणारी, टोपीचा पिसारा धडाएवढा. एकदा हे गणित बसलं की पुढच्या कोणत्याही चित्रात तो लगेच ओळखू यायचा, आणि दुसऱ्या कोणत्याही चित्रकाराला ते उचलता यायचं. तसं इतरांनी केलंही, अगदी नेपोलियन पडेपर्यंत.

आता बनवण्याबद्दल. प्रश्नातला हा भाग मला सर्वांत जवळचा आहे, म्हणून जरा थांबून सांगते.

तांब्याचा सपाट पत्रा घासून आरशासारखा करायचा, तो गरम करायचा, त्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. यालाच आपण वर्गात ग्राउंड म्हणतो. मेणबत्तीच्या धुराने तो काळा केला की सुईने ओढलेली रेघ त्यात तांबूस चमकते. रेघ तांब्यात कोरायची नसते, थर खरवडून तांबं उघडं करायचं असतं. मग पत्रा ॲसिडमध्ये. जितका वेळ ॲसिड चावेल तितकी रेघ खोल, आणि छापल्यावर तितकी काळी. फिक्या रेघा थोड्या वेळाने वॉर्निशने झाकून टाकायच्या आणि गडद रेघा पुन्हा चावायला सोडायच्या. त्यानंतर शाई भरायची, वरची पुसून काढायची, ओला कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून दाबून काढायचं. पत्र्याच्या कडेचा दाब कागदावर चौकटीसारखा उमटतो. ती चौकट पुढे ओळखीसाठी उपयोगी पडते.

कागदावर सगळं उलटं येतं, हे विद्यार्थी विसरतात. डावा हात उजवा होतो, आणि अक्षरं आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात. गिलरेची चित्रं शब्दांनी गच्च भरलेली असतात: शीर्षक, उपशीर्षक, पात्रांच्या तोंडचे फुगे, जमिनीवर पडलेल्या कागदांवरचा मजकूर. ते सगळं त्याला उलट्या हाताने इतकं सफाईने जमलं, कारण त्याची उमेदवारी अक्षरं कोरणाऱ्या कारागिराकडे झाली होती. पुढे १७७८ मध्ये तो लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या शाळेत शिकला. त्याच्या चित्रांत अभिजात शरीररचना आणि कारागिराचं अक्षरलेखन एकत्र नांदतं, ते या दोन शिक्षणांमुळे. नुसत्या अकॅडमीतून आलेल्या चित्रकाराला हे साधलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं.

वेगाचंही एक उदाहरण देते. नाईल नदीच्या मुखाशी ब्रिटिश नौसेनापती नेल्सनने फ्रेंच आरमार बुडवल्याची बातमी लंडनला २ ऑक्टोबर १७९८ रोजी पोहोचली. त्यावरच्या गिलरेच्या चित्राची तारीख आहे ६ ऑक्टोबर. चार दिवसांत कल्पना, रेखाटन, उलटी अक्षरं, ॲसिड, छपाई. ज्यांनी स्वतः एक प्लेट चावली आहे त्यांना या चार दिवसांचा अर्थ कळेल. आणि ही तारीख आपल्याला इतकी नेमकी ठाऊक असते ती एका कायद्यामुळे. चित्रकार विल्यम होगार्थच्या पुढाकाराने १७३५ मध्ये ब्रिटिश संसदेने खोदचित्रांना नकलेपासून संरक्षण दिलं, चौदा वर्षांचं. अट अशी की प्लेटवर मालकाचं नाव आणि प्रसिद्धीचा दिवस असलाच पाहिजे. म्हणून चित्रांखाली बारीक अक्षरांत ‘प्रसिद्धी अमुक तारखेला, एच. हम्फ्री, सेंट जेम्सेस स्ट्रीट’ अशी ओळ असते. प्रकल्पात ही ओळ कापून टाकू नका. इंटरनेटवरच्या बऱ्याच प्रतिमांत ती कापलेली असते, आणि मग चित्र आपल्या आठवड्यापासून तुटतं.

हम्फ्री म्हणजे हॅना हम्फ्री, गिलरेची प्रकाशक. तो तिच्याच घरात, दुकानाच्या वर राहायचा. साधी प्रत साधारण एक शिलिंगला आणि हाताने रंगवलेली दोन शिलिंगला मिळे. हे मजुराच्या आवाक्याबाहेरचं होतं. विकत घेणारे बहुतेक श्रीमंत आणि राजकारणात वावरणारे लोक, कधीकधी चित्रात ज्यांची फजिती केली आहे तेच. बाकीच्या लंडनसाठी दुकानाची खिडकी होती. काचेला लावलेली नवी चित्रं पाहायला रस्त्यावर गर्दी जमे. काही दुकानदार चित्रांचे मोठे बाड एका संध्याकाळपुरते भाड्याने देत, जेवणानंतर पाहुण्यांची करमणूक म्हणून. शिवाय जर्मनीतल्या वायमारहून १७९८ पासून निघणारं एक नियतकालिक गिलरेच्या चित्रांच्या छोट्या नकला करून, प्रत्येक तपशिलाचं स्पष्टीकरण देऊन युरोपभरच्या वाचकांपर्यंत पोहोचवत होतं. एका प्लेटमधून चांगल्या प्रती निघत काही शेकडा, फार तर हजारभर. पण पाहणारे डोळे त्याहून कितीतरी जास्त होते.

आता निर्भयतेकडे येते.

गिलरे सुरुवातीला खरोखरच कुणालाही सोडत नव्हता. १७९२ मध्ये त्याने युवराजाला जेवून तर्र झालेला, जाकिटाची बटणं तटतटलेली, काट्याने दात कोरत बसलेला असा दाखवला. मागे न भरलेली बिलं. त्याला जोडून राजा तिसरा जॉर्ज, ठिगळाच्या विजारीत, उकडलेलं अंडं चमच्याने खाणारा महाकंजूष. स्वतःच्या राजघराण्याबद्दल, जिवंत माणसांबद्दल, भर बाजारात विकलेली ही चित्रं आहेत. मग जानेवारी १७९६ मध्ये युवराजाच्या नवजात मुलीसंबंधीच्या एका चित्रावरून त्याला अटक झाली. याच सुमारास जॉर्ज कॅनिंग हा पंतप्रधान पिटचा तरुण सहकारी त्याच्याशी संधान बांधून होता. १७९७ पासून गिलरेला सरकारकडून वर्षाला २०० पौंडांचं निवृत्तिवेतन सुरू झालं. त्यानंतर विरोधी पक्षाचा फॉक्स आणि फ्रान्स यांच्यावर त्याचा सुईचा हात कसा चालला ते चित्रं सांगतात. मी याला लाचखोरी म्हणून हिणवणार नाही. डोळ्यांवर आणि हातावर पोट असलेल्या माणसाचं ते जगणं होतं, आणि पुढे त्याचे डोळे गेले, मन ढासळलं, १८११ मध्ये त्याने वरच्या मजल्यावरून उडी टाकायचा प्रयत्न केला. १ जून १८१५ रोजी तो गेला, वॉटर्लूच्या लढाईच्या सतरा दिवस आधी. पण नेपोलियनवरची त्याची चित्रं सरकारला हवी तीच होती, हे विसरून त्यांच्याबद्दल लिहिता येणार नाही.

याचा पुरावा म्हणून मी नेहमी पेल्तिएचा खटला सांगते. ज्याँ-गाब्रिएल पेल्तिए हा फ्रान्समधून पळून आलेला राजनिष्ठ पत्रकार लंडनहून एक फ्रेंच नियतकालिक काढायचा. त्यात त्याने नेपोलियनच्या खुनाला चिथावणी ठरेल असा मजकूर छापला. त्यावेळी तह होता, नेपोलियन इंग्रजी छापखान्यांबद्दल सतत तक्रारी करत होता, आणि ब्रिटिश सरकारने पेल्तिएवर मित्रराष्ट्राच्या प्रमुखाच्या बदनामीचा खटला भरला. फेब्रुवारी १८०३ मध्ये लंडनच्याच ज्यूरीने त्याला दोषी ठरवलं. शिक्षा सुनावण्याआधी मे महिन्यात युद्ध सुरू झालं आणि ती कधीच सुनावली गेली नाही. म्हणजे फेब्रुवारीत जो गुन्हा होता तीच मेमध्ये देशसेवा झाली. ‘लिटल बोनी’चा झटका दाखवणारं चित्र युद्ध पुकारल्यानंतर आठवड्याभरात खिडकीत लागलं.

एवढं सांगूनही, २६ फेब्रुवारी १८०५ चं ‘प्लम पुडिंग’ घ्याच. दोनच माणसं, एक टेबल, ताटात वाफाळलेलं पुडिंग, आणि ते पुडिंग म्हणजे पृथ्वी. डावीकडे उंच, काटकुळा पिट त्रिशूळासारख्या काट्याने सगळा महासागर शांतपणे कापून घेतोय. उजवीकडे नेपोलियन खुर्चीवरून अर्धा उठून तलवारीने युरोपचा लचका तोडतोय. पिटला इथे माफी नाही. दोघेही तितकेच खादाड आहेत, फक्त एकाची पद्धत सभ्य आहे. निवृत्तिवेतन घेतलेल्या हातातूनही असं चित्र निघालं, याचं मला दर वेळी समाधान वाटतं. रचना म्हणूनही ते गिलरेचं सर्वांत मोकळं चित्र आहे. फुगे नाहीत, गर्दी नाही, दोन कमानदार शरीरं आणि मधे एक गोळा. म्हणूनच आजही वर्तमानपत्री व्यंगचित्रकार त्याची नक्कल करतात आणि वाचकांना अडचण येत नाही.

नेपोलियनलाही या हत्याराची किंमत कळत होती. १८०५ मध्येच त्याने पोलीस मंत्री फूशेला पत्र लिहून व्यंगचित्रं काढून घ्यायला सांगितलं: हातात थैली घेतलेला इंग्रज निरनिराळ्या देशांना पैसे घ्या म्हणून विनवतो आहे, असं. फ्रान्सच्या आत मात्र त्याच्यावर कुणी चित्र काढू धजत नव्हतं. जर्मन चित्रकारांनाही १८१३ मध्ये लायप्झिगला नेपोलियनचा पराभव होईपर्यंत थांबावं लागलं. त्यानंतर बर्लिनच्या हेन्शेल बंधूंचं जे चित्र निघालं ते वेगळ्याच जातीचं होतं. नेपोलियनचं नीटस अर्धचित्र, जवळून पाहिलं तर चेहरा प्रेतांनी बनलेला, कॉलर रक्ताचा समुद्र, खांद्यावर झुपक्याऐवजी एक पंजा. ते युरोपभर नकलांच्या रूपात फिरलं. हसू त्यात नाही, हिशेब आहे.

आता पॅरिस. १८३० च्या जुलैत तीन दिवसांच्या उठावाने बूर्बाँ घराण्याचा राजा गेला आणि लुई-फिलिप आला, छत्री घेऊन रस्त्यावरून चालणारा ‘नागरिक राजा’. नव्या सनदेच्या, म्हणजे राज्यघटनेच्या, सातव्या कलमात लिहिलं होतं की सेन्सॉरशिप पुन्हा कधीही आणली जाणार नाही. शार्ल फिलिपों या लियाँहून आलेल्या चित्रकार-प्रकाशकाने त्याच नोव्हेंबरात ‘ला कारिकात्यूर’ हे साप्ताहिक सुरू केलं, पुढे १८३२ च्या डिसेंबरपासून ‘ल शारिवारी’ हे दैनिक, रोज एक नवं चित्र घेऊन.

हे जमलं ते दगडामुळे. लिथोग्राफीचा शोध म्यूनिचच्या अलोइस झेनेफेल्डरने अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी लावला. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनच्या चुनखडीवर चरबीयुक्त खडूने चित्र काढायचं, त्यावर डिंक आणि सौम्य आम्ल फिरवायचं, मग दगड ओला करायचा. चरबीची रेघ पाणी झिडकारते आणि शाई धरते, उरलेला दगड पाणी धरतो आणि शाई झिडकारतो. कोरणं नाही, चावणं नाही. चित्रकार कागदावर काढतो तसा दगडावर काढतो, आणि एका दगडातून हजारो प्रती निघतात. हा दगड मराठी वाचकाला परका नसावा. मुंबईत गणपत कृष्णाजींनी शिळाछापावरच पोथ्या आणि पंचांगं छापली, आणि पुण्याच्या चित्रशाळा प्रेसने देवादिकांची चित्रं घरोघरी नेली तीही लिथोग्राफीनेच.

फिलिपोंने राजाला गवंडी दाखवलं, जुलै क्रांतीच्या आश्वासनांवर गिलावा फासणारा. राजाच्या अवमानाचा खटला झाला. १४ नोव्हेंबर १८३१ रोजी तो कोर्टात उभा राहिला आणि त्याने तिथेच कागदावर चार चेहरे काढले. पहिला लुई-फिलिपसारखा, कल्ले आणि तुऱ्यासकट. दुसरा पहिल्यासारखा, पण गाल थोडे सुटलेले. तिसरा दुसऱ्यासारखा. चौथा म्हणजे निव्वळ एक नासपती. त्याचा युक्तिवाद सरळ होता: साम्य हाच गुन्हा असेल तर पहिल्यापासून चौथ्यापर्यंत कुठे रेघ ओढणार? मग नासपतीलाही शिक्षा द्या, आणि राजाशी साम्य असणाऱ्या प्रत्येक वस्तूला. ज्यूरीने ऐकलं नाही. सहा महिने तुरुंग आणि २,००० फ्रँक दंड. फिलिपोंने ती चार चित्रं छापली, आणि पुढे ‘शारिवारी’ला झालेला दंड भरायला विकलीही.

नासपती मला सर्वांत मोठा शोध वाटतो, आणि त्याचं कारण निव्वळ कारागिरीचं आहे. गिलरेचं चित्र पुन्हा काढायला गिलरे लागतो. नासपती काढायला कोळशाचा तुकडा पुरतो. काही महिन्यांत पॅरिसच्या भिंती नासपतींनी भरल्या, पोरं त्या काढत होती. दगड जप्त करता येतो, छापील प्रती जाळता येतात, पण ज्या आकृतीला छापखान्याचीच गरज उरलेली नाही ती कुठून जप्त करणार? सत्ताधीशावरच्या चित्राचा प्रकल्प करताना, पाहणाऱ्याला ते स्वतःच्या हाताने पुन्हा काढता येईल का, हा प्रश्न तुमच्या चित्रांनाही विचारून पाहा.

त्याच डिसेंबरात तेवीस वर्षांच्या ओनोरे दोमिएने ‘गार्गांत्युआ’ काढलं. गार्गांत्युआ म्हणजे जुन्या फ्रेंच कथेतला खादाड राक्षस. प्रचंड धडाचा, नासपतीच्या डोक्याचा राजा खुर्चीवर बसला आहे. त्याच्या तोंडापासून जमिनीपर्यंत एक लांब फळी टेकवली आहे. उजवीकडे खाली कंगाल माणसं टोपल्यांत आपली नाणी टाकताहेत, हमाल त्या टोपल्या फळीवरून चढवून राजाच्या तोंडात ओतताहेत. खुर्ची शौचाची आहे, आणि तिच्याखाली पडताहेत पदकं, नेमणुका, उमरावपदं, जी गोळा करायला खासदार जमले आहेत. कराचा पैसा कुठून येतो आणि कुठे जातो याचा संपूर्ण आराखडा एका दगडावर. चित्र प्रकाशक ओबेरच्या दुकानाच्या खिडकीत लागलं आणि जप्त झालं. फेब्रुवारी १८३२ मध्ये दोमिए, ओबेर आणि मुद्रक दलापोर्त या तिघांनाही शिक्षा झाली, सहा महिने आणि ५०० फ्रँक. मुद्रकालाही, हे लक्षात ठेवा. दगडावर राजा छापायचा तर रेघ ओढणाऱ्याइतकीच जोखीम रूळ फिरवणाऱ्याची होती. दोमिएने ऑगस्टपासून सँत-पेलाजीच्या तुरुंगात आणि नंतर एका वेड्यांच्या इस्पितळात शिक्षा भोगली. गिलरेशी तुलना करायची ती इथे.

लंडनमध्येही राजघराण्याला चित्रं झोंबत होती, पण तिथे उपाय निराळा होता. खटला भरायचा तर चित्रातला लठ्ठ, दारुडा माणूस म्हणजेच महाराज, हे सरकारी वकिलालाच ज्यूरीपुढे सिद्ध करावं लागलं असतं. त्यापेक्षा प्लेट विकत घेणं परवडत असे. १८२० मध्ये चौथ्या जॉर्जला, म्हणजे राजा झालेल्या त्याच युवराजाला, अनैतिक प्रसंगात दाखवणार नाही असं लिहून देण्याबद्दल जॉर्ज क्रुकशँक या चित्रकाराला १०० पौंड मिळाले. पॅरिसच्या सरकारी वकिलांनी मात्र साम्य सिद्ध करायचं धाडस केलं, आणि नासपती राजाच्या मानेवर कायमची बसली.

फिलिपोंने दंडांसाठी वेगळी वर्गणी सुरू केली, दरमहा एक मोठं चित्र सभासदांना. त्या मालिकेतलं १८३४ चं दोमिएचं चित्र म्हणजे ‘रू त्रान्सनोनँ’, पॅरिसमधल्या एका गल्लीचं नाव. एप्रिलमध्ये उठाव चिरडताना सैनिकांनी त्या गल्लीतल्या एका घरात शिरून झोपेतल्या रहिवाशांना मारलं होतं. चित्रात रात्रीच्या सदऱ्यातला एक माणूस पलंगाशी कोसळला आहे, त्याच्या अंगाखाली एक मूल चिरडलं आहे, डाव्या अंधारात एक बाई, उजवीकडे एका म्हाताऱ्याचा चेहरा. राजा कुठेही नाही. नासपती नाही, शब्द नाहीत, फक्त गल्लीचं नाव आणि तारीख. खडूच्या करड्या छटांवर दोमिएची जी हुकमत इथे दिसते ती मी दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे. सदऱ्याचा पांढरा म्हणजे न शिवलेला दगड आहे. पोलिसांनी सापडतील तेवढ्या प्रती नेल्या, दगडही नष्ट झाला. टर उडवणाऱ्या चित्रांच्या प्रकल्पात हे चित्र बसतं का, असं कुणी विचारेल. मी म्हणेन की तीन वर्षं ज्या माणसाने राजाला हसून दाखवलं त्याने इथे हसणं थांबवलं, आणि ते थांबणं ज्याला दिसत नाही त्याला आधीची चित्रंही पुरती कळलेली नाहीत.

शेवट कायद्याने केला. जुलै १८३५ मध्ये फिएस्की नावाच्या माणसाने राजावर अनेक नळ्यांची बंदूक झाडली. राजा वाचला. ९ सप्टेंबरला कायदा झाला की कोणतंही चित्र छापण्याआधी परवानगी हवी. पण सनदेत तर सेन्सॉरशिप कधीच नाही असं होतं. मंत्र्यांनी त्यावर तोड काढली: लेख हे मत आहे, तो बुद्धीशी बोलतो, चित्र ही कृती आहे, ते डोळ्यांशी बोलतं, म्हणून सनदेचं संरक्षण फक्त मतांना. मला हा त्या काळातला चित्रकलेला मिळालेला सर्वांत स्पष्ट दाखला वाटतो. सरकारने लेखी मान्य केलं की त्यांना शब्दांपेक्षा चित्राची धास्ती जास्त आहे. ‘ला कारिकात्यूर’ कायदा यायच्या आधीच ऑगस्टअखेर बंद झालं. ‘शारिवारी’ चालू राहिलं आणि दोमिए वकील, घरमालक, भामटे शेअर-दलाल यांच्याकडे वळला. राजा १८४८ च्या फेब्रुवारीत पळाला. चित्रांनी त्याला पाडलं असं म्हणू नका. तेरा वर्षं त्याच्यावर मोकळेपणी चित्र निघालेलं नव्हतं आणि पाडणाऱ्या गोष्टी भाकरीच्या आणि मताधिकाराच्या होत्या.

प्रकल्पासाठी माझी निवड: गिलरेचं १७९२ चं युवराजाचं आणि १८०५ चं पुडिंग, मग फिलिपोंचे चार चेहरे, ‘गार्गांत्युआ’ आणि ‘रू त्रान्सनोनँ’. प्रतिमा ब्रिटिश म्युझियमच्या आणि फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळांवरून घ्या, कडांसकट. एकाच गिलरेच्या दोनतीन प्रती उघडून रंग ताडून पाहा. हाताने भरलेले असल्यामुळे एकीत कोट लाल असतो, दुसरीत निळा. त्यामुळे रंगाच्या अर्थावर निष्कर्ष काढू नका. आणि कुणी तुम्हाला जुनी ‘मूळ’ गिलरे-प्रत विकायला आणली तर आधी कागद उलटा करून पाहा. मूळ पत्रे पुढे हेन्री बोन या प्रकाशकाच्या हाती गेले आणि त्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जाड कागदावर, बिनरंगी, बहुतेकदा दोन्ही बाजूंना छापून ग्रंथ काढले. मागेही चित्र असेल तर ते पान त्या ग्रंथातून फाडलेलं आहे. पत्रा गिलरेचाच, पण छपाई त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी झालेली, आणि प्रसिद्धीच्या ओळीवरची जुनी तारीख तिथेही तशीच दिसते.